अकरा फिल्टर

गिरीज,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय जॉयल,

तू आणि नॅन्सी सुखरूप असाल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून किती वर्षांनी कागद-पेन घेऊन बसले आहे. अक्षर सांभाळून घे. पत्ता नॅन्सीच्या आईने दिला, तिच्यावर रागावू नकोस.

इकडे थंडी यंदा रेंगाळली आहे. विहिरीजवळच्या केळींना चांगले लोंगर आलेत. पप्पांचा दम डिसेंबरात वाढला होता, आता पंप दिवसातून दोनदाच लागतो. तुझ्या खोलीत मी माझ्या लॅबचे डबे ठेवलेत. तू आलास की हलवीन.

लॅबचंच सांगायचं आहे. आपल्या गच्चीवरचं यंत्र तुला आठवत असेल. ते चोवीस तास हवा ओढतं आणि हवेतली बारीक धूळ एका पांढऱ्या फिल्टरवर बसते. त्याचा नखाएवढा तुकडा कापून आम्ही टप्प्याटप्प्याने तापवतो. आधी उडतो तो सेंद्रिय कार्बन, मागे उरते ती काजळी. कार्बन किती, ते लॅबमधलं यंत्र सांगतं. तो कुठून आला, ते मात्र नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. लाकूड किंवा पाला जळला की धुरात एक प्रकारची साखर उतरते. ती सापडली तर धूर पाल्या-लाकडाचा.

गेल्या वर्षी चर्चच्या हॉलमध्ये यातलं काही मी सांगितलं नव्हतं. पडद्यावर आलेख दाखवला आणि म्हणाले, पहाटे पूर्वेकडून वारा येतो तेव्हा गिरीजच्या हवेत कार्बन वाढतो. पूर्वेकडे वालीवचे कारखाने. बाकीचं लोकांनीच जुळवलं. मागून कोणीतरी पप्पांचं नाव घेऊन ओरडलं, "सॅन्टनच्या पोराचाच पावडर कोटिंगचा गाळा आहे तिकडे!" तू उठून मला विचारलंस, "ताई, यात माझ्या गाळ्याचा धूर किती, ते तरी सांग."

मी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिले.

घरी पप्पा तुला म्हणाले, "माझ्या छातीत तुझाच धूर आहे." त्याच संध्याकाळी तुम्ही दोघं घर सोडून गेलात.

जॉयल, त्या थंडीत मी शेहेचाळीस फिल्टर लावले होते. आलेखात पस्तीसच होते. अकरा मी वगळले. वहीत कारण लिहिलं: 'शेजारी आग, नमुना बाद.' ते नियमात बसतं, म्हणून कोणी विचारलं नाही. पण ते अकरा सगळ्यांत काळे होते, आणि आग शेजाऱ्यांची नव्हती. पप्पा पहाटे केळीची सुकी पानं पेटवायचे, अगदी गच्चीच्या खाली. मी खिडकीतून बघायचे. आजारी माणसाला 'तुमचा दम तुम्हीच वाढवताय' कसं सांगायचं, अशी स्वतःची समजूत घातली. पण तेवढंच नव्हतं. वालीवकडे बोट दाखवल्यावर हॉलमध्ये टाळ्या पडल्या, आणि मला त्या आवडल्या.

नोव्हेंबरात फ्रीजरमधून सगळे शेहेचाळीस काढले आणि साखर तपासली. अर्ध्याहून जास्त वाटा पाल्या-लाकडाच्या धुराचा निघाला. आपल्याच नाही, प्रत्येक वाडीतल्या. वालीवचाही धूर येतो, ते नाकारत नाही. पण तुझ्या एकट्या गाळ्याचा किती, हे सांगणारं माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हाही नव्हतं.

जानेवारीत पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "हे तुला कधीपासून ठाऊक?"

"आग आपली होती, हे ठाऊक होतं. तुम्ही जॉयलला बोललात त्याच्याही आधीपासून."

दोन दिवस ते माझ्या हातचं जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बळीरामकाकांना बोलावून पाला कुजवायला खड्डा खणून घेतला. माझ्याशी तेव्हाही बोलले नाहीत.

लॅबमध्ये मी सगळं लिहून दिलं आहे. काय व्हायचं ते होईल. परवा चर्चमधल्या मिस्सानंतर हॉलमध्येही शेहेचाळीसच्या शेहेचाळीस आकडे दाखवले. लोक चिडले. "मग आमचे बाप-आजे काय विष पेरत होते?" एकाने विचारलं. तेवढ्यात पप्पा खुर्चीला धरून उभे राहिले. म्हणाले, "पाला मी जाळला. पोराला पण मीच हाकललं." पुढे त्यांना श्वास पुरला नाही.

सोळा तारखेच्या रविवारी आम्ही तुझ्याकडे येतोय. पप्पांनीच ठरवलं. मी म्हटलं, त्याच्याकडे लिफ्ट नाही, तिसरा मजला आहे, त्यालाच खाली बोलावते. तर म्हणाले, "त्याला कशाला उतरवतेस? मी हाकललं, मी चढेन."

त्यांना प्रत्येक मजल्यावर बसावं लागेल. मी घडीचं स्टूल घेऊन मागून येईन. तुझ्या दाराशी त्यांना सोडून खाली थांबेन. त्यांना आत घे. माझ्यासाठी घाई करू नकोस.

तुझी ताई म्हणवून घ्यायला पुन्हा कधी मिळेल, याची वाट पाहणारी,
मर्लिन