अहो, फ्लॅट विकला गेला

अहो,

काल आपल्या फ्लॅटचा इसार झाला. झाला हो एकदाचा! दीड वर्ष लागलं. तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलते ते वेगळं. आज एक गोष्ट कबूल करायचीय आणि तोंडातून ती निघायची नाही, म्हणून लिहिते.

माझ्या गुडघ्यांचं तुम्हाला माहीतच आहे. तीन मजले, लिफ्ट नाही. तुमच्या माघारी महिना-महिना खाली पाय टेकला नाही. भाजी पिशवीला दोरी बांधून वर ओढायची. घर घेताना तळमजला मिळत होता ना? "खाली डास, वर वारं," म्हणालात! घ्या, खाल्लं मी पोटभर वारं.

म्हणून विकायला काढला. पण घेतो कोण? गावभर लिफ्टवाल्या नव्या बिल्डिंगा, त्याही रिकाम्या. येणारा आधी विचारायचा, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं? मग, लिफ्ट कुठंय? आणि मग हळूच, तुमच्या फोटोकडं बघत, "घरातच वारले का?" हो म्हटलं की चहासुद्धा न घेता उठायचा.

आपले एजंट शकीलभाई भला माणूस. म्हणाले, "काकू, बुरा मत मानो, काकांचा फोटो जरा आत ठेवा. गिऱ्हाईक बिदकतं." ठेवला मी. दर वेळी काढायचा, कपाटात ठेवायचा, माणसं गेली की परत खिळ्याला. राग आला का हो तुम्हाला?

एवढ्यावर थांबले असते तर बरं. एका रविवारी मी कपाळाला टिकली लावली आणि सांगून मोकळी झाले, "हे पुण्याला गेलेत, लेकीकडं." घर बघायला आलेल्या बाईंनी विचारलं, कपाटंही देणार का, आणि उघडलंच की दार! आत तुम्ही, हारासकट. बाई किंचाळलीच. मला हसू आवरेना! ती गेल्यावर टिकली काढताना मात्र खूप रडले. दोन मिनिटं मला खरंच वाटलं होतं, तुम्ही पुण्यालाच आहात.

त्यानंतर फोटो काढला नाही. नाही विकला तर नाही, म्हटलं.

मग गेल्या आठवड्यात पैठणकडची एक आजी लेकाबरोबर आली. नातवंडांच्या शाळेसाठी शहरात घर हवं होतं. सत्तरीची बाई, तीन मजले चढून दम नाही! मला मेलीचा हेवाच वाटला. तिनं ना पाणी विचारलं, ना लिफ्ट. सरळ फोटोपुढं उभी राहिली.

"मालक का? हितंच गेले?"

"हो, त्या खुर्चीत. चहा टाक म्हणाले. मी कप घेऊन आले तर गेलेले."

"तरास?"

"काहीच नाही."

आजी लेकाकडं वळली. "घ्यायचं हे घर. तुझा बाप तीन म्हैने दवाखान्यात नळ्या लावून पडला व्हता. हितं माणूस चहा मागून गेला. लई चांगली जागा हाय."

शकीलभाई बघतच राहिले! आणि मी? तुम्हाला कधी सांगितलं नाही, त्या दिवशी नेमका गॅस संपला होता. सिलिंडर बदलण्यात वेळ गेला. चहा लवकर झाला असता, मी लवकर बाहेर आले असते तर? तुम्ही गेल्यापासून हेच पोखरत होतं. तुमचं मरण चांगलं होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं हो!

आता हलकं वाटतंय, लाज वाटावी इतकं. शकीलभाईंनी दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर दोन खोल्या भाड्यानं बघून दिल्यात. दारापुढं ओटा आहे. डास आहेत. असू देत.

जाताना आजी म्हणाली, "निघताना मालकाला चला म्हणा, नायतर बसतील हितंच." म्हणेन, वचन देते. पण या जिन्यात जन्मभर तुम्ही पुढं आणि मी मागनं पळत होते. कधी वळून बघितलंत? त्या दिवशी मी पुढं असेन. एकेका पायरीवर थांबत उतरेन, आणि प्रत्येक वळणावर मागं बघेन. तुम्ही सावकाश या.

खाली निघालेली, तुमचीच
सुशीला