खालच्या ओढ्याचं नाव

८ एप्रिल २०१६, डार्मश्टाट

धम्मदीपानं परत मोबाइल तोंडापुढं धरला. नात माझी, इथल्या जर्मन युनिव्हर्सिटीत नकाशे शिकते. तिला शिकवणारी बाई म्हणे स्कॉटलंडात डोंगरडोंगर हिंडली, म्हाताऱ्यांकडून टेकड्या-ओढ्यांची तिथल्या जुन्या गेलिक बोलीतली नावं लिहून घेत. एका ओढ्याचं नाव नुसतं ‘काळं पाणी’! यात शिकायचं काय? आता हिला आपल्या गावची नावं हवीत. माझी चौथी झालेली — आणि आज मी मास्तरीण!

घारटेक सांगितली, बोडका माळ सांगितला, म्हशीची उडी सांगितली.

“म्हशीची का, आजी?”

“म्हैस पडली म्हणून. आमच्यातलं माणूस पडलं असतं तर कोण नाव देतंय!”

मग खालच्या ओढ्याचं विचारलं. म्हटलं, चाफ्याचा ओढा.

९ एप्रिल

तिथं चाफा नाही. कधीच नव्हता.

१२ एप्रिल

एका जागी बसवत नाही. हाल्टेस्टेलेपर्यंत, ट्रामच्या थांब्यापर्यंत गेले, ट्राम बघितली, परत आले, परत गेले. सून विचारते, “आई, काही हरवलंय का?” म्हटलं, डोकं.

पोरगी पंधरा तारखेला सगळी नावं बाईला देऊन टाकणार. एकदा नकाशात गेली की कायमची, म्हणते.

खरं नाव विटाळओढा. गाव वर पाणी भरायचं, आमची वस्ती खाली. त्यांची धुणी, त्यांची गुरं, सगळं वाहत आमच्या घागरीत — आणि विटाळ आमचा! दहा वर्षांची होते, एकदा वर चढून भरलं. डोक्यावरची घागर फोडली माझ्या. जन्मभर ते नाव कानांनी ऐकलं. आता नातीच्या नकाशात डोळ्यांनी वाचू?

१३ एप्रिल

नागेशाचा फोन. धाकटा भाऊ, तो गावातच राहिला. “आक्के, ओढ्यावर पंचायतीनं नवी पाटी लावली. अमृतओढा! जुनं नाव आता कुणी काढायचं नाही म्हणतात.” हसत होता मेला.

मला काही हसू आलं नाही. चहा दोनदा उतू घालवला. त्यांनी अमृत ओतलं, मी चाफा लावला — काम एकच! लाज त्यांची, आणि घासत बसलेय मी. एवढ्या लांब येऊन, फुकट!

१४ एप्रिल

आज जयंती. खिरीची वाटी हातात यायच्या आधी पोरीला समोर बसवलं. म्हटलं, चाफा खोड. विटाळओढा लिही.

ऐकून तिचं तोंड उतरलं. “आजी... नक्की?”

“तुझ्या कागदात नाव कुणी ठेवलं असा रकाना आहे का?”

“आहे.”

वर पाणी भरणाऱ्या सात घरांची आडनावं सांगितली. घागर फोडणाऱ्याचं पहिलं.