सरदाराच्या हवेलीतली न्याहारी

मी, केराबाई भ्रतार मायाप्पा बंडगर, वय सत्तरीच्या आसपास, धंदा घोंगडी विक्री व उतारू ठेवणे, राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्र कोणी गुडघ्यांनी लिहीत नाही. अक्षर माझेच. दुकानांच्या पाट्या वाचून शिकले, म्हणून जरा मोठे येते.

कलम १. किल्ल्यामागची सरदाराची हवेली मी व आमच्या मालकांनी घोंगड्या विकून माझ्या नावे घेतली. तेव्हा तिच्यात वटवाघळे नांदत होती. सिद्धप्पा गवंडी याने चुना घोटून, तुळया बदलून ती पुन्हा उभी केली. ज्या देवडीवरून माझ्या सासऱ्यांना मेंढरांसकट हाकलले होते, तिथे आज येईल त्याला "या, बसा" म्हणतात. रात्री अंथरूण, सकाळी चुलीपुढे बसवून गरम भाकरी, शेंगाचटणी व दही, आणि मगच निरोप, अशी या घराची रीत आहे.

कलम २. माझा मुलगा भिमा याला हवेलीत लोकरीचे गोदाम करायचे आहे. गेल्या थंडीत मी तापाने पडले असता तो माडीवरच्या उतारूंना म्हणाला, "आई आजारी हाय. आज न्याहारी न्हाय, वाटंला लागा."

सून बनाबाई पदर खोचून आली. "लागतील की, पर खाऊन. उपाशी पावणा धाडायचा तर हवेली कशाला? वटवाघळंच बरी हुती!"

तिने तवा ठेवला. त्याचा वास आला आणि माझा निम्मा ताप उतरला. सबब हवेली, तिच्यातली भांडी व अंथरुणे बनाबाईची. तिने गोदाम करू देऊ नये व दार बंद ठेवू नये.

कलम ३. घोंगड्यांचे दुकान भिमाला. पोटचा पोर आहे, उघड्यावर टाकत नाही. शिवाय सरदाराचा शिसवी पलंगही त्यालाच. प्रत्येक उतारूला तोच हवा असतो आणि पहाटे बघावे तर पाहुणा खाली घोंगडीवर घोरत असतो. पलंगाला ऐट फार आणि कुरकुरही फार. भिमाचे त्याच्याशी जमेल.

कलम ४. शेजारीण बजाबाई टांगेवाल्यांना सांगत फिरली, "तितं पावणं नेऊ नगा, सरदाराचं भूत हाय." तिला माडीवर एक रात्र मुक्काम व न्याहारी फुकट. भूत भेटलेच तर त्यालाही पाट मांडावा.

कलम ५. माझ्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर आईची कोणती इच्छा राहिली म्हणून भिमाने डोके खाजवीत बसू नये. घरी जाऊन माडीवरच्या पाहुण्याची न्याहारी झाली का, तेवढे बघावे. कावळ्याचे मी बघते.

वरचे सगळे पुन्हा वाचले. पलंगाबद्दलसुद्धा काही खोडायचे नाही.

सही: केराबाई मायाप्पा बंडगर

साक्षीदार:
१. सिद्धप्पा गवंडी, रा. वळसंग
२. गुंडा साळुंखे, गुळाचे व्यापारी, रा. करकंब. सध्या मुक्काम माडीवर. न्याहारी करून सही केली.

मुक्काम सोलापूर, ता. ९ माहे फेब्रुवारी सन १९३४