अकरा फायली, त्रेचाळीस वेळा

३ फेब्रुवारी
तीनशे बारा! समुपदेशन केंद्रातली सगळी जुनी रेकॉर्डिंगं आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची. वरच्या मजल्यावर लोक समुपदेशकांपाशी मन मोकळं करतात. खाली माझ्याकडे येतात नुसत्या फायली. प्रत्येकीला क्रमांक, तारीख, समुपदेशक कोण, संमती आहे का, कधी पुसायची – एवढं भरायचं. केंद्रप्रमुख मॅडमनी बजावलं, "पहिलं मिनिट ऐका. क्रमांक तिथंच सांगितलेला असतो. नोंद करा, पुढे चला. वाहवत जायचं नाही."
मी कशाला वाहवत जातोय! चौदा वर्षं हेच करतोय.

५ फेब्रुवारी
एकेचाळीस झाल्या. पाठ धरली.

८ फेब्रुवारी
रविवार. मुलीचा फोन. "बाबा, बरे आहात ना?" "बरा आहे." "जेवताय ना वेळेवर?" "जेवतोय." संपला फोन. तिच्या आईला जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या दोघांच्या मधलं बोलायचं काम तीच करायची, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

१० फेब्रुवारी
अकरा फायली बेवारशी! ना क्रमांक, ना तारीख. आवाज आमच्या निवृत्त झालेल्या जुन्या समुपदेशक बाईंचा. त्यांना फोन केला तर हसायला लागल्या – "अहो, मशीन चालू करायचं लक्षात राहायचं हेच पुष्कळ!" मॅडम म्हणाल्या, "खूण सापडेपर्यंत ऐका. सापडली की थांबा."

१२ फेब्रुवारी
अकराही एकाच बाईच्या. दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर. म्हणते, "दिवसभर शंभर जणांना जोडून देते हो." मागे नेऊन तेवढंच पुन्हा ऐकलं.
पहिल्या फायलीत तिच्या पायाला प्लास्टर, चौथीत काढलेलं – असा क्रम लावला. तिसऱ्या फायलीत फॉर्मवर सही करताना तिनं स्वतःच क्रमांक वाचला. खूण सापडली. काम झालं.
थांबलो नाही.

१७ फेब्रुवारी
सहावी. रजेच्या दिवशी ही बाई स्वतःच्याच दवाखान्यात फोन लावते! बदलीवरची मुलगी "नमस्कार, कोण हवंय?" म्हणते. ही ठेवून देते. "काय सांगू तिला, कोण हवंय ते?"
मी डबा खात होतो. खो-खो हसलो. शिपाई दारातून डोकावला. "घुम्या हसला!" सगळ्या मजल्यावर सांगत सुटला. इथं सगळे मला घुम्याच म्हणतात.
मग हसू कुठं गेलं कळलं नाही. डबा तसाच बंद केला.

२० फेब्रुवारी
आज तिला उत्तर दिलं. ती म्हणाली, "बोलायला कुणीच नाही, असं वाटतं तुम्हाला कधी?" – विचारलं होतं जुन्या बाईंना. मी म्हणालो, "वाटतं." मोठ्यानं. खोलीत एकटा.
बाकीच्या फायली तशाच पडल्यात.

२५ फेब्रुवारी
अकरावी मधेच संपते. पुढं काही नाही. बरी झाली? सोडून गेली? की काही करून बसली? तिचं नाव मला ठाऊक नाही, ते मॅडमच्या कुलपातल्या रजिस्टरात. पण दवाखान्याचं नाव तिनं बोलण्यात घेतलं होतं. दुपारी फोन लावला. पुरुषाचा आवाज – "कोण हवंय?"
ठेवून दिला. या वयात!

२ मार्च
मॅडमनी बोलावलं. पडद्यावर यादी. हे सॉफ्टवेअर फायली तर ठेवतंच, पण कोणी कुठली किती वेळा ऐकली तेही लिहून ठेवतं. मलाच ठाऊक नव्हतं! "अकरा फायली, त्रेचाळीस वेळा. हे काय आहे?"
"खूण शोधत होतो."
"खूण पहिल्याच दिवशी नोंदवलीय तुम्ही."
मान खाली. फोनचंही सांगून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "तिनं ते फक्त जुन्या बाईंना सांगितलं होतं. तुम्हाला नाही."
तिला कळवावंच लागणार. पत्र मी लिहायचं. नोकरीचं नंतर बघू म्हणाल्या.

४ मार्च
सात कागद फाडले. शेवटी चारच ओळी. 'मी तुमचं बोलणं गरजेपेक्षा जास्त ऐकलं. तसा मला अधिकार नव्हता. चूक सर्वस्वी माझी आहे. क्षमा करा.'
का ऐकलं ते लिहिलं नाही. कुठल्या तोंडानं लिहू!

११ मार्च
ती आली. जिन्यातच आवाज ओळखला, पण पटेना – भरभर बोलणारी, शिपायाशी थट्टा करणारी बाई! नऊ वर्षं झाली म्हणे त्या रेकॉर्डिंगांना. आता तिघी मैत्रिणी एकत्र राहतात, भांडतात. "अकरा होत्या?" मॅडमना म्हणाली, "मला तीन-चारच आठवतात."
मग माझ्याकडे वळली. चेहरा कडक. "सगळं ऐकलंत?"
"हो."
"पुसा. माझ्यासमोर."
एकेक करून अकरा पुसल्या. तिनं मोजल्या. पर्स उचलून दारापर्यंत गेली, तिथं थांबली.
"मी खूप रागावलेय, हे लक्षात असू द्या. घरी कोण असतं तुमच्या?"
"कुणी नाही." एवढंच म्हणायचं होतं. पण त्यापुढेही – बायको गेल्याचं, मुलीच्या रविवारच्या फोनचं – काहीबाही तोंडातून निघत गेलं.
ती परत आली, खुर्ची ओढली आणि बसली.