मार्सेलचं कासव

सोमवार, ४ जून

आदेलचा गुडघा बरा आहे. डुकरीण व्यायली, पिल्लं ठणठणीत. माझे डोळे चालताहेत. तोंड तर चालतंच, असं बायको या नात्याने आदेलचं म्हणणं. धाकट्या भावाचं, मार्सेलचं मात्र खरं नाही. बोटीतून आमच्या बेटावर उतरला तोच धापा टाकत. तिकडे नुमेया शहरातल्या डॉक्टरने सांगितलं म्हणे, ‘आता घरी जा.’

एवढ्या वर्षांनी आला आणि आणलं काय? पेन्सिलींचा डबा!

गुरुवार, ७ जून

आमचा कोंबडा काढला त्याने. पीस न् पीस! सावली, उजेड, डोळ्यातली चमक – आदेल तर विरघळलीच. मी म्हटलं, “कोंबडा अंगणात आहेच की. हा आरवतो तरी का?” तिकडे याला कला म्हणतात, भिंतीवर टांगतात. टांगा! चुकलं की रबराने खोडायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा खोडायचं. ही कला की धुणं?

मंगळवार, १२ जून

आज स्वतःच म्हणाला, “दादा, मला कासव शिकव.”

कुठलं कासव, ते मला कळलं. मेलेल्यांच्या वाटेवर म्हातारी भुतीण बसलेली असते, वाळूत अर्धं कासव काढून. उरलेलं पुरं केलं तर वाट मोकळी, नाही तर ती खाऊन टाकते. इथे पोरासोरांना ठाऊक. हा शिकायच्या वयात नुमेयाला पळाला! मला तरी कुणी शिकवलं? थोरल्यांच्या खांद्याआडून बघत आपलं आपण बोट वळवलं.

अंगणात काळी राख पसरली. आधी उभ्या-आडव्या रेघा, मग त्यांच्यातून एकच वळती रेघ. बोट उचलायचं नाही, निघालो तिथंच परतायचं. पठ्ठ्या तिसऱ्याच वळणावर अडकला आणि विचारतो काय, “दादा, रबर?”

हसून हसून पोट दुखलं. तोही हसला. मग त्याला खोकला सुटला, तो थांबेचना.

रविवार, १७ जून

पुन्हा चुकला! “पायापाशी वळायचं सोडून शेपटीकडे कशाला पळालास?” तर फुगून म्हणतो, “चित्रकार आहे मी.” चित्रकार म्हणे!

मग जुंपली. तो म्हणाला, “तुझं कासव वाऱ्याने जातं. उरतच नाही ती कला कसली?” मी म्हटलं, “तुझं कागदावर उरतं, म्हणून हात आळशी झालाय. माझं बोटात असतं. राख काय, कुठेही मिळेल.”

तर हळूच म्हणाला, “तिथेही?”

मी उठून डुकरांना खायला घालायला गेलो.

मंगळवार, १९ जून

कागदावर काढून पाठ करतो म्हणाला. भुतिणीपुढे कागद उलगडणार का, गाढवा?

शनिवार, २३ जून

जमलं! म्हणजे – जवळजवळ. चटईवरून खाली झुकून सगळं काढलं, निघाला तिथं परतलाही. फक्त शेवटच्या वळणावर उबळ आली आणि बोट उचललं. लगेच टेकवलं.

“खोकल्याचं धरत नाहीत ना, दादा?”

“धरतात,” मी म्हटलं. “उद्या पुन्हा.”

बुधवार, २७ जून

मार्सेल, काल तुला माती दिली. तुझ्या मुठीत रबर ठेवलंय – मीच. म्हातारीने विचारलं तर सांग, दादाने दिलंय.

पोचलास की लवकर कळव.