रेडिएटरचं झाकण

१ मार्च, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून गाडीची किरकोळ देखभाल मी स्वतः करणार. निर्णय पक्का. पंपा-पंख्यांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा तारेने भरून भरून ज्याने स्वतःचं दुकान उभं केलं, त्याने पाणी बघायला मिस्त्रीकडे जावं हे शोभत नाही. पंख्याचं बेअरिंग गेलंय की बुश, हे मी दुकानाच्या पायरीवरून ऐकून सांगतो. गाडी म्हणजे तरी काय, बसायची सोय असलेली मोटार.

सकाळी ९.३०
पान्यांचा सेट पुसून लावला. आठ ते बावीस नंबर, एकही कमी नाही. एअर फिल्टर झटकला. रेडिएटरचं झाकण काढून पाहिलं, पाणी जरा खाली होतं, भरलं. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन, पंप जळाला म्हणून. बोलता बोलताच बॉनेट लावलं. दोन कामं एका वेळी. सवय आहे.

३ मार्च, मंगळवार. दुपारी ४.००
लेक आज पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन गेली, मुलाखतीला. मुलाखत झाली. गाडी मात्र दोर बांधून परत आली, बॉनेटमधून वाफ. मिस्त्री म्हणतो इंजिनाचं हेड गॅस्केट उडालं, आठवडा लागेल.
लेकीला मी शांतपणे समजावलं. शांतपणे म्हणजे गॅरेजमधल्या लोकांनी हातातलं काम थांबवून बघितलं, इतकंच. तापमानाचा काटा कशाला दिलाय, म्हटलं. ती म्हणाली, काटा वर गेला तशी मी गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, काट्याच्या आधी आवाज बदलतो, मी असतो तर मला कळलं असतं. तिने किल्ली माझ्या हातात दिली.
मिस्त्रीने विचारलं, रेडिएटरचं झाकण कुठे गेलं? मी म्हटलं, प्रेशरने उडालं असेल वाटेत. तो म्हणाला, बॉनेट बंद असताना? मी म्हटलं, प्रेशर फार असतं. तो माझ्याकडे बघत राहिला. चांगला माणूस आहे, पण अनुभव कमी.

४ मार्च, बुधवार. सकाळी ६.४०
झाकण सापडलं. वॉशिंग मशीनच्या वरच्या खिडकीत, साबणाच्या डब्याशेजारी.
रविवारी मी करडी पँट घातली होती. फोन आला तेव्हा एका हातात झाकण होतं.
पुढचं लिहीत नाही.

सकाळी ७.०५
लिहितो. खिशात होतं. धुवायला टाकताना मीच काढून खिडकीत ठेवलं असणार आणि विसरलो. डोक्याला व्याप फार.
ही चहा देताना म्हणाली, खिसे बघून कपडे टाकत जा हो, एखाद दिवशी मशीन मोडेल. साधं बोलणं.
आज संध्याकाळी लेकीला सगळं सांगणार. चूक कबूल करायला मी कधीच मागेपुढे बघत नाही.

संध्याकाळी ८.३०
सांगितलं नाही. ती जेवताना गप्प होती. गप्प बसलेल्या माणसाला उगाच त्रास कशाला.

७ मार्च, शनिवार
लेकीला नोकरी लागली. धरणं, विहिरी, टाक्या फिरून पाण्याचे नमुने गोळा करायचे. गाडी कंपनीची, चालवायची तिनेच, रोजचे शंभर-सव्वाशे किलोमीटर. २८ तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे. ह्याच कामासाठी दोन वर्षं धडपडत होती. मी पाठ थोपटली. ती म्हणाली, बघू.
माझे कान तिखट आहेत, त्याला माझा इलाज नाही. दुपारी ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती, नाही गं, नाहीच म्हणणार आहे. एकदा एकटीने गाडी नेली तर इंजिन उडवलं. बाबांनी चौदा वर्षं जपलेली गाडी. लोकांच्या गाडीची जबाबदारी कोणत्या तोंडाने घेऊ?
मुद्दाम ऐकलं नाही. तिच्या दाराच्या बिजागरीला तेल घालत होतो. बिजागरी कुरकुरत नव्हती, पण पुढेमागे कुरकुरली असती.
तिला सांगायलाच हवं. उद्या नक्की.

८ मार्च, रविवार
सांगायला गेलो. म्हटलं, हे बघ, त्या दिवशी जे झालं त्यात सगळीच चूक तुझी नाही. ती म्हणाली, मग किती टक्के माझी? इतका थेट प्रश्न मला अपेक्षित नव्हता. साठ म्हटलं. तिचा चेहरा पाहून चाळीसवर आलो. खोलीत परत येऊन नीट हिशोब केला तर शून्य निघालं. पण तोवर ती बाहेर गेली होती.

११ मार्च, बुधवार
गाडी आली. आवाज लोण्यासारखा. झाकण नवीन. निघताना मिस्त्री म्हणाला, जुनं सापडलं तर दाखवा, उडालेलं झाकण मी अजून पाहिलं नाही. खवचट आहे.
घरी येऊन किल्ली लेकीसमोर ठेवली. तिने ती उचलून खिळ्याला लावली आणि भाजी चिरायला बसली.
यावर बराच विचार केला. नुसतं सांगून काय होणार? त्यापेक्षा गाडीतला बारीकसारीक प्रत्येक बिघाड मी माझ्या हाताने दुरुस्त करणार. गाडी इतकी निर्दोष करायची, की तिची भीती आपोआप जाईल. मग सांगायची गरजच उरणार नाही. म्हणजे सांगायचं तर आहेच. पण नंतर.

१४ मार्च, शनिवार
मागचं डावं दार आतून उघडत नाही. दाराचं आतलं कव्हर काढलं. तीन तास गेले. दोष सापडला नाही. कव्हर परत बसवलं तर पाच क्लिपा उरल्या. कंपन्या जास्तीच्या लावतात.
दहा नंबरचा पाना मिळेना. नेमका तोच. घरात वस्तूंना जागा नाही.

१५ मार्च, रविवार
दार मिस्त्रीला दाखवलं. त्याने दाराच्या कडेला बोट घालून एक खटका खाली केला, दार उघडलं. चाइल्ड लॉक. कोणी लावला, म्हणाला. मी म्हटलं, लहान मुलं लावतात. तो म्हणाला, तुमच्या घरी लहान कोण आहे? मी टायरमधल्या हवेचा विषय काढला.
गॅरेजबाहेर लेकीच्या स्कूटरसारखी एक स्कूटर उभी होती. नंबरही साधारण तोच. अशा स्कूटर हल्ली फार झाल्यात.
जेवताना पाहिलं, लेकीची नखं काळी. पेन गळत असेल.

१९ मार्च, गुरुवार
हॉर्न बसका वाजत होता. स्टिअरिंग उघडून दुरुस्त केला. आता खणखणीत वाजतो. फक्त गाडी डावीकडे वळवली की आपोआप वाजतो. उजवीकडे नाही, म्हणजे निम्मं काम बिनचूक झालंय. ही म्हणाली, बरंच झालं, लोक आधीच बाजूला होतील.
मग म्हणाली, तुम्हाला काही बोलायचंय का? मी म्हटलं, छे. ती म्हणाली, बरं. आणि कपड्यांच्या घड्या घालत बसली. माझ्या पँटची घडी जरा जोरातच आपटली.

२२ मार्च, रविवार
लेकीच्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात एक चुरगळलेला कागद होता. मी डबा रिकामा करायला गेलो होतो. एरवी मी करत नाही, पण घरकामात मदत करावी. कागदावर तिचं अक्षर. आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे, परंतु वाहन चालवण्याबाबत मला स्वतःची खात्री वाटत नसल्याने.
कच्चा कागद टाकला म्हणजे पक्का लिहून झाला.
मला वाइंडिंग शिकवणारे म्हातारे गुरू पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक मोटार जळाली, तेव्हा गिऱ्हाइकाला म्हणाले होते, माझ्याकडून जळाली. आज दिवसभर तेच डोळ्यासमोर येत होते.
झाकण आता शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो. जड लागतं. विसरायला नको म्हणून.

२७ मार्च, शुक्रवार
उद्या शेवटची तारीख. बेत पक्का. लेक सध्या ज्या लॅबमध्ये काम करते, तिथून शनिवारी एकला सुटते. मी गाडी घेऊन फाटकाशी हजर. गाडी तिच्या हातात द्यायची, मी शेजारी बसायचं आणि सगळं सांगून टाकायचं. भाषणाचे पाच मुद्दे काढलेत. पहिला, मी शून्यातून कसा वर आलो. झाकण पाचव्यात येतं.
ऐन वेळी गाडीने दगा देऊ नये म्हणून बॅटरीचे टर्मिनल काढून गरम पाण्याने धुतले, पांढरी बुरशी खरवडली. दहाचा पाना अजून बेपत्ता, म्हणून नट हाताने आवळले. माझ्या बोटांची पकड पान्याला भारी आहे.

२८ मार्च, शनिवार. दुपारी १२.५०, गाडीत
चौकात गाडी बंद. दिवा नाही, काटा नाही, हॉर्नसुद्धा नाही. चार अनोळखी माणसांनी ढकलून कडेला लावली. त्यातला एक म्हणाला, काका, सर्व्हिसिंग करत जा वेळेवर.
मिस्त्रीला फोन केला. म्हटलं, इंजिनात खोल काहीतरी झालंय, आवाजावरून वाटतं. तो म्हणाला, बंद गाडीला कसला आवाज? मग म्हणाला, मी एका गाडीखाली आहे, कोणाला तरी पाठवतो.
लेकीला सुटायला दहा मिनिटं. मी इथे. झाकण खिशात.

संध्याकाळी ६.१५
क्रमाने लिहितो.
एक वीसला स्कूटर आली. लेक. मिस्त्रीने फोन करून तिलाच पाठवलं होतं. हेल्मेट काढलं, बॉनेट उघडलं, टर्मिनल बोटाने हलवून पाहिलं आणि पिशवीतून दहा नंबरचा पाना काढला. माझा. चार आटे. गाडी चालू.
म्हणाली, पाना परत ठेवायचा राहून गेला. गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी गॅरेजवर जाते, माझं नेमकं काय चुकलं ते शिकायला.
मी म्हटलं, बस, मला पाच मुद्दे सांगायचेत. मी शून्यातून, असं सुरू केलं. ती म्हणाली, झाकण ना? खिशातून दिसतंय.
गॅरेजवर जायला लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीने तिला दाखवलं होतं, झाकण दाबून फिरवल्याशिवाय निघत नाही, उडायचा प्रश्नच नाही. ती घरी येऊन आईला बोलली. आई म्हणाली, करड्या पँटच्या खिशात सापडलं, खिडकीत मीच ठेवलं, त्यांना दिसेल असं. नकाराचा कागद त्या दिवशीच फाडायचा होता, पण माझी वाट बघत तिने तो ठेवला. होकार मात्र एकवीस तारखेला कळवून टाकला. कागद मग डब्यात.
मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?
म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. तुम्ही पाणी प्यायला उठलात तरी वाटायचं, आले. मग माठाचं झाकण वाजायचं आणि तुम्ही परत जायचात.
तिखट कानांच्या माणसाला हे ऐकायला मिळावं.
मी म्हटलं, चूक माझी होती. शंभर टक्के. एवढंच. पाच मुद्दे राहिले. ती हो म्हणाली. स्कूटर चौकातल्या दुकानदाराकडे ठेवली आणि गाडी तीच चालवू लागली. पहिलंच वळण डावीकडे होतं, हॉर्न वाजला. मी म्हटलं, हे मी केलंय. ती म्हणाली, हे न सांगता कळलं.
तरी एका गोष्टीची कबुली मी आपणहून दिली, याची इथे नोंद असावी.

२९ मार्च, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून गाडीला हात लावणार नाही. निर्णय पक्का.

सकाळी ८.००
लेकीने खाली बोलावलं. वाटलं, हॉर्नबद्दल माझा सल्ला हवा असेल. म्हणाली, बाबा, टॉर्च धरा आणि आवाजाबद्दल काही बोलू नका. हॉर्न तिने वीस मिनिटांत नीट केला. मग बॉनेट उघडून रेडिएटरचं पाणी बघायला झाकण काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.
खिशात घालू नका, म्हणाली.
ती पाणी ओतत होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. गिऱ्हाईक असणार. बराच वेळ वाजला. मी घेतला नाही. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात झाकण, तसाच उभा होतो.