आईच्या गालातला पांढरा डाग

मंगळवार, संध्याकाळ. कळंबोली, लोखंड बाजार.

गावच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर आलाय. त्याने आईला विचारलं, "मावशी, तंबाखू खाता का?" आई म्हणाली, "नाय बाबा, कधीच नाय." गालातला पांढरा डाग बघून त्याने ताकदीच्या गोळ्या दिल्या. पण आई रोज दोनदा मिश्री लावते. तिला ते दात घासणंच वाटतं.

दवाखान्यातल्या नर्सताईकडून नंबर घेऊन मीच डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "मिश्री म्हणजे काय, दादा?"

"तंबाखूच, भाजून कुटलेला."

तो म्हणाला, "उद्याच त्यांना परत पाठवा."

एवढ्या घाईने का बोलावलं असेल? त्या डागात काय असेल? ट्रकमधून लोखंड उतरवताना दोनदा हात सुटला माझा.

आईला फोन केला. म्हणाली, "जाते की. सकाळी मिश्री लावली की निघते."